कर्मणी प्रयोगातला राजा : धाकटा वाल्देमार (१२०९–१२३१)

उत्तरवारा | रविवार, रात्री ९:१२

मागच्या रविवारी रिंगस्टेडला जाऊन आलो. निमित्त काहीच नव्हतं. कोपनहेगनात तीन दिवस पाऊस, घरात दोरीवरचे कपडे वाळेनात, म्हणून ट्रेनमध्ये जाऊन बसलो. तासाभराच्या आत पोचलो.

रिंगस्टेडला सांक्त बेंट्स चर्च आहे. लाल विटांचं, बाराव्या शतकातलं. त्या मुलखात भाजलेली वीट नवीनच आली होती तेव्हाचं. आत डेन्मार्कचे राजे पुरलेत. कबरी उंच चौथऱ्यावर वगैरे नाहीत, फरशीच्या पातळीलाच शिळा. आपण छत बघत चालत असतो आणि एकदम लक्षात येतं की आपण राजावर उभे आहोत. मी दचकून बाजूला झालो तर पाय दुसऱ्या राजावर. सवयीने वाकलो, शिळेला हात लावला आणि तो कपाळाला लावला. ऑर्गनवर सराव करणाऱ्या बाईंनी चष्म्याच्या वरून बघितलं आणि पुन्हा वाजवायला लागल्या.

ज्याच्यावर पाय पडला तो धाकटा वाल्देमार. डॅनिशमध्ये वाल्देमार 'देन उंगे'. त्याच्या बापाबद्दल सगळ्यांना माहीत असतं. वाल्देमार दुसरा, ऊर्फ सायर, म्हणजे विजयी. १२१९ मध्ये एस्टोनियात लढाई चालू असताना डेन्मार्कचा लाल-पांढरा झेंडा आकाशातून पडला अशी जी कथा आहे, ती याच्याच काळातली. पोरगा मात्र कुणाला आठवत नाही. घरी येऊन दोन रात्री त्याच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं, त्याचा हा धागा.

आई डागमार. मूळ नाव मार्केटा, बोहेमियाचा राजा ओटोकार पहिला याची मुलगी. ओटोकारने तिच्या आईला टाकून दुसरं लग्न केलं होतं, त्यामुळे ही पोर मोठी झाली ती भांडणाच्या सावलीत. १२०५ मध्ये डेन्मार्कला आली, १२०९ च्या सुमारास मुलगा झाला आणि १२१२-१३ मध्ये ती वारली. मुलगा तीन-चार वर्षांचा. डेन्मार्कमध्ये डागमार म्हणजे चांगुलपणाची मूर्ती. रीबेच्या कॅथीड्रलचा घड्याळमनोरा आजही दुपारी १२ ला आणि ३ ला तिच्या मरणाच्या लोकगीताची चाल वाजवतो. त्या गीतात राजा स्कानरबोर्गहून शंभर स्वार घेऊन निघतो, आणि रीबेच्या पुलावर पोचतो तेव्हा त्याच्यासोबत एकही उरलेला नसतो. घोडे दमून मागे पडलेले. हा एक तपशील सोडला तर बाकी गीत मला जरा जास्तच भाविक वाटतं.

बापाने दुसरं लग्न केलं पोर्तुगालच्या बेरेंगारियाशी. डॅनिश लोक तिला बेंगेर्ड म्हणतात आणि तिचं नाव निघालं की तोंड वाकडं करतात. लोकगीतांत ती सुंदर, लोभी आणि कर वाढवायला लावणारी. चांगली सख्खी आई आणि वाईट सावत्र आई, एवढी नेटकी मांडणी बघितली की मला तर गीत रचणाऱ्यांचाच संशय येतो. तिला तीन मुलगे झाले: एरिक, आबेल, क्रिस्तोफर. १२२१ मध्ये ती पण गेली.

मुद्द्यावर येतो. २४ जून १२१८ ला श्लेसविगमध्ये नऊ वर्षांच्या या पोराला मुकुट घातला. युवराज म्हणून नव्हे, राजा म्हणून. बाप जिवंत, धडधाकट, ऐन भरात; आणि शेजारी दुसरा राजा, ज्याचे पाय सिंहासनावरून जमिनीला टेकतही नसतील.

पाच वर्षांनी, मे १२२३. बापलेक शिकारीला ल्यूओ बेटावर गेले. फ्यून या मोठ्या बेटाच्या दक्षिणेला, जेमतेम ६ चौरस किलोमीटरचं बेट. तिथे श्वेरिनचा काउंट हाइन्रिश आला. राजाचाच मांडलिक. हा यात्रेला पवित्र भूमीत गेलेला असताना राजाने त्याची अर्धी जहागीर आपल्या नातवाच्या वारसाहक्काच्या नावाखाली घशात घातली होती. हाइन्रिश आला तो गोड बोलत, सोबत भेट म्हणून दारू. ६ आणि ७ मेच्या मधल्या रात्री राजा तंबूत झोपलेला, पहारेकरीही तर्र. दोघांना बांधून होडीत घातलं आणि थेट जर्मनीत. उत्तर युरोपातला सगळ्यात बलाढ्य राजा, ज्याच्या हातात एल्ब नदीपासून एस्टोनियापर्यंतचा किनारा, तो अंथरुणातून उचलून नेला. चौदा वर्षांच्या राजासकट.

आधी एल्बकाठच्या दानेनबेर्गच्या किल्ल्यात, पुढे श्वेरिनला. दानेनबेर्गचा बुरूज अजून उभा आहे, आणि गंमत बघा, त्याला आज 'वाल्देमारचा बुरूज' म्हणतात. कोंडणाऱ्याचं नाव पुसलं, कोंडलेल्याचं राहिलं. राजप्रतिनिधी म्हणून कारभार बघणारा भाचा आल्ब्रेख्त सोडवायला फौज घेऊन निघाला, तर जानेवारी १२२५ मध्ये म्योल्नला हरून तोही कैदेत जाऊन बसला. अखेर ४५,००० मार्क चांदी, मेलेल्या बेंगेर्डचे दागिने आणि आयडर ते एल्ब नद्यांमधला सगळा मुलूख असा सौदा ठरला. बाप १२२५ च्या नाताळाच्या तोंडावर सुटला. पोरगा मात्र तिथेच. तो सुटला १२२६ च्या ईस्टरला, आणि त्याच्या जागी सावत्र भाऊ ओलीस गेले.

बापाने पोपकडून शपथेतून मोकळीक मिळवली, पुन्हा लढाई काढली आणि २२ जुलै १२२७ ला बोर्नहोफेडला सपाटून मार खाल्ला. बाजूने लढणाऱ्या दितमार्शेनच्या लोकांनी ऐन लढाईत पाठ फिरवली. एक डोळाही गेला म्हणतात. उत्तर जर्मनी हातातून सुटली ती सुटलीच.

२४ जून १२२९ ला रीबेमध्ये धाकट्याचं लग्न लावलं. पुन्हा २४ जून! मुलगी एलिओनोरा, पोर्तुगालच्या राजाची, म्हणजे बेंगेर्डची सख्खी भाची. २८ ऑगस्ट १२३१ ला ती बाळंतपणात गेली. बरोबर तीन महिन्यांनी, २८ नोव्हेंबरला, रेफ्सनेसला शिकारीत चुकून सुटलेला बाण लागून हाही गेला. बावीस वर्षांचा. दोघं रिंगस्टेडला शेजारी शेजारी.

वाचताना एक गोष्ट सारखी टोचत होती. याची गोष्ट लिहायला बसलं की सगळी वाक्यं कर्मणी होतात. त्याला मुकुट घातला. त्याला पळवलं. त्याला सोडवलं. त्याचं लग्न लावलं. त्याला मारलं, तेही चुकून! तेरा वर्षं राजा होता आणि त्याने स्वतः केलेली, ठरवलेली, निदान बिघडवलेली अशी एकही गोष्ट मला सापडली नाही. बापाच्या सनदांवर कुठे कुठे नाव आहे, बस. कर्ता म्हणून एक वाक्य या माणसाच्या वाट्याला नाही. मला ते फार लागलं. तुम्हाला काय वाटतं?

---

शिळोप्याचा_गडी | रविवार, रात्री ९:२०

पहिला! आता वाचतो.

---

शिळोप्याचा_गडी | रविवार, रात्री ९:४१

वाचलं. दारू पाजून होडीत घालण्याचा भाग भारी आहे. राजावर पाय पडून नमस्कार करणारा रिंगस्टेडच्या इतिहासात तू पहिलाच असणार.

---

काना_मात्रा | रविवार, रात्री १०:०५

लेख आवडला, पण शीर्षकाला माझा आक्षेप नोंदवून ठेवा.

'हाइन्रिशने त्याला पळवलं' हा कर्मणी नव्हे, भावे प्रयोग आहे. कर्माला 'ला' लागला की क्रियापद कर्माचं ऐकत नाही. 'हाइन्रिशने राजा पळवला' असं लिहिलंत तर कर्मणी. आणि 'त्याला मुकुट घातला' यात कर्म आहे मुकुट! वाल्देमार तिथे संप्रदान. म्हणजे तुम्ही म्हणता त्याहून त्याची अवस्था वाईट आहे. बिचारा स्वतःच्या राज्याभिषेकात कर्मसुद्धा नाही.

---

उत्तरवारा | रविवार, रात्री १०:११

दंडवत _/\_ शीर्षक बदलत नाही, पण ही प्रतिक्रिया लेखापेक्षा चांगली आहे.

---

साडेतीन_शहाणा | रविवार, रात्री १०:३०

मला एक कळलं नाही. बाप जिवंत असताना पोराला राजा करायची घाई कशाला? युवराज म्हणा, मोकळे व्हा. एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार?

---

उत्तरवारा | रविवार, रात्री ११:१८

चांगला प्रश्न, लेखात गाळला होता कारण लांबत होतं.

'युवराज' या शब्दात थोरल्या मुलाचा हक्क गृहीत असतो. डेन्मार्कमध्ये तो नव्हता. राजा निवडला जायचा. राजघराण्यातला हवा एवढंच. थोरला, धाकटा, पुतण्या, चुलतभाऊ कुणीही. म्हणजे प्रत्येक राजाच्या मरणाला एक लढाई ठरलेली.

आमच्या पोराच्या पणजोबाचंच बघा. क्नुद लावार्ड. ७ जानेवारी १११३१... चुकलो, ११३१ ला रिंगस्टेडजवळच्याच हाराल्डस्टेडच्या जंगलात चुलतभावाने त्याला मारलं. तिथून जी मारामारी सुरू झाली ती ११५७ पर्यंत. शेवटी तीन राजे, तिघांत तह, तहाची मेजवानी रोस्किल्डला, आणि मेजवानीतच तलवारी. एक जागीच मेला, एक जखमी होऊन अंधारात निसटला, आणि त्याच निसटलेल्याने अडीच महिन्यांत तिसऱ्याला मैदानात संपवलं. निसटलेला तो वाल्देमार पहिला, आमच्या पोराचा आजोबा. असल्या रात्रीतून वाचलेला माणूस मुलाच्या वारशाची व्यवस्था आधी करणारच. ११७० च्या जूनमध्ये त्याने रिंगस्टेडला दोन समारंभ एकत्र उरकले: मेलेल्या बापाला संत जाहीर केलं आणि सात वर्षांच्या मुलाला राजा. बाप संत आणि मुलगा राजा, मग मधल्याकडे बोट दाखवायची कुणाची टाप? तो डाव लागू पडला. ११८२ मध्ये आजोबा मेल्यावर मुलगा क्नुद सहावा गादीवर.

म्हणजे १२१८ चा मुकुट ही जुनी, खात्रीची रीत होती. फ्रान्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या हेच चालू होतं. तिथेही ११३१ साली बापाच्या हयातीत मुकुट घातलेला फिलिप नावाचा पोरगा पॅरिसमध्ये घोड्यावरून पडून मेला. घोड्याच्या पायात डुक्कर आलं म्हणून! आणि इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने आपल्या मुलाला मुकुट घातला तो ११७० च्या जूनमध्येच, रिंगस्टेडच्या आधी दहा-बारा दिवस. तो 'यंग किंग' मात्र बापाशीच भांडला, आणि ११८३ मध्ये आजारपणात मेला. बापाच्या आधी.

---

साडेतीन_शहाणा | रविवार, रात्री ११:२५

डुक्कर!! हा धागा त्या डुकरावर काढायला हवा होतास.

---

मामेमावस | सोमवार, सकाळी ७:५०

सकाळी चहाबरोबर वाचलं. नातं जरा उलगडून बघू या का? एलिओनोरा बेंगेर्डच्या भावाची मुलगी. म्हणजे एरिक-आबेल-क्रिस्तोफरची मामेबहीण. आणि थोरल्या सावत्र भावाची बायको म्हणून वहिनी. म्हणजे धाकट्या वाल्देमारने सावत्र का होईना, मामाची मुलगी केली! आमच्या आजीला हे फार आवडलं असतं. "घरातली आहे, माहितीतली आहे," एवढं म्हणून तिने लगेच बोलणी पक्की केली असती.

गंमत सोडा, पण चर्चला हे चाललं कसं? तिकडे तर नात्यातल्या लग्नांना बंदी होती ना?

---

उत्तरवारा | सोमवार, सकाळी ८:३५

रक्ताचं नातं नव्हतं ना. याची आई बोहेमियाची, तिचा पोर्तुगालशी संबंध नाही. सख्ख्या मामाच्या मुलीशी लग्न करायला त्याला पोपकडे हात जोडावे लागले असते. आणि हुंड्याचं उलटं होतं तिकडे. नवऱ्यानेच बायकोला मुलूख लिहून दिला, फ्यूनचा दक्षिणेकडचा अर्धा भाग. त्याला पळवलं ते ल्यूओ बेट तिथून हाकेच्या अंतरावर. नकाशा बघताना मी थबकलो होतो. याला त्या बाजूला बोट दाखवून "हे सगळं तुझं" असं म्हणवलं असेल?

---

हिशेबनीस | सोमवार, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत गणित केलं. कोलोनचा मार्क धरला तर एक मार्क साधारण २३३ ग्रॅम. गुणिले ४५,०००. साडेदहा टन चांदी. एका दमात देणं शक्यच नाही, म्हणून ओलीस ठेवण्याची भानगड.

ताळा करायला दुसरा आकडा: इंग्लंडच्या रिचर्डला तीस वर्षांपूर्वी जर्मन सम्राटाने धरलं तेव्हा दीड लाख मार्क ठरले होते. म्हणजे डेन्मार्कचा भाव इंग्लंडच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा कमी. पण मागणारा इथे सम्राट नाही, एक काउंट आहे, हे धरलं तर हाइन्रिशने चांगलाच हात मारला.

---

नाडीपरीक्षा | सोमवार, दुपारी ३:४०

बाण लागला कुठे, ते सांगता का? तुम्ही नुसतं 'बाण लागून गेला' लिहिलंय. छातीत-पोटात लागला असेल तर गोष्ट वेगळी.

---

उत्तरवारा | सोमवार, सायंकाळी ५:०२

पायाला, असं सांगतात.

---

नाडीपरीक्षा | सोमवार, सायंकाळी ५:३०

मग 'बाण लागून गेला' हे वाक्य फार घाईचं आहे. पायाला लागलेल्या बाणाने माणूस दोन प्रकारे जातो. मांडीतली मोठी रोहिणी तुटली तर काही मिनिटांत, जागच्या जागी. नाहीतर जखम चिघळून, काही दिवसांनी. शिकारीचा बाण मातीत पडलेला, आधी जनावरात घुसलेला. पात्याबरोबर विजारीच्या लोकरीचा तुकडा आत जातो आणि सडतो. धनुर्वातही होऊ शकतो. यातलं त्याच्या बाबतीत काय झालं ते मी सांगू शकत नाही, फक्त हे की 'चुकून बाण लागला' आणि 'मेला' यांच्यामध्ये कदाचित आठवडा असेल. तापात, शुद्धीवर येत-जात. बायको जाऊन तीन महिने झालेले.

वॉर्डात असे रुग्ण बघितलेत (बाणाचे नाही, खिळ्याचे आणि कुदळीचे). त्या आठवड्यात माणूस खूप बोलतो.

---

मामेमावस | सोमवार, सायंकाळी ५:४८

शेवटचं वाक्य वाचून गप्प झाले.

---

बंदरावरची | सोमवार, रात्री ८:१०

डागमारवरून आठवलं. रिंगस्टेडच्याच थडग्यातून १६८३ मध्ये एक सोन्याचा क्रॉस निघाला, मिनाकारी केलेला, बायझंटाइन घडणीचा, बोटाच्या पेराएवढा. परंपरेने तो डागमारचा मानतात आणि 'डागमार क्रॉस' म्हणतात. डेन्मार्कमध्ये त्याच्या प्रती गळ्यात घालतात. डॅनिश राजकन्या अलेक्झांड्राचं १८६३ मध्ये इंग्लंडच्या युवराजाशी लग्न झालं तेव्हा डेन्मार्कच्या राजाने तिला त्याचीच प्रत भेट दिली.

आणि ही अलेक्झांड्रा म्हणजे आपल्या मुंबई बंदरातल्या अलेक्झांड्रा डॉकची! आता इंदिरा डॉक. माझे वडील तिथे होते, घरात शेवटपर्यंत 'अलेक्झांड्रा'च म्हणायचे. बोहेमियाच्या पोरीपासून भाऊच्या धक्क्याच्या शेजारापर्यंत! अवांतराबद्दल माफी.

---

शिळोप्याचा_गडी | सोमवार, रात्री ८:२२

अवांतर कसलं ताई, हे असलं वाचायलाच येतो आम्ही.

---

उलटतपासणी | सोमवार, रात्री ९:५५

लेखाची बैठक चांगली आहे, पण दोन ठिकाणी मी अडतो.

एक. 'त्याने काही केलं नाही' आणि 'त्याने केलेलं काही टिकलं नाही' यात फरक आहे. त्या काळच्या डॅनिश इतिवृत्तांची एकेका वर्षाची नोंद दोन-तीन ओळींची असते. त्यात राजा मेला, राणी मेली, अमका किल्ला पडला, एवढंच मावतं. १२२६ ते १२३१ ही पाच वर्षं तो मोकळा, वयात आलेला, मुकुट असलेला राजा होता. बोर्नहोफेडनंतर एका डोळ्याच्या बापाबरोबर तो राज्य सावरत असणार. १२३१ मध्येच राजाच्या उत्पन्नाची आणि जमिनींची मोठी मोजदाद झाली, 'वाल्देमारची जमीनवही' म्हणतात ती. याचं बोट त्यात कुठेच नसेल हे तुम्ही कशावरून म्हणता? कर्ता नव्हता म्हणू नका, वाक्यं हरवली म्हणा.

दोन. तुम्ही थेट लिहिलं नाही, पण 'हा जगला असता तर' असा सूर मागे आहे. जगला असता तर काय? बापाने बेंगेर्डच्या पोरांना जहागिऱ्या वाटायला सुरुवात केलीच होती. एरिकला श्लेसविग तर याच्या राज्याभिषेकाच्याच सुमारास मिळालं होतं. १२३२ मध्ये एरिक राजा झाल्यावर ते आबेलकडे गेलं, क्रिस्तोफरला लोलान-फाल्स्टर ही बेटं. भाऊबंदकीचं बी बापानेच पेरलं, वर कोण बसणार याने फरक पडला नसता.

---

उत्तरवारा | सोमवार, रात्री ११:३०

पहिला मुद्दा मान्य, निमूट मान्य. 'वाक्यं हरवली' हे माझ्यापेक्षा बरोबर आहे.

दुसऱ्यावर थोडं भांडतो. तिघे जे भांडले ते एका आईचे होते. एरिक आणि आबेल सख्खे, लहानपणी एकत्र ओलीस पडलेले. बाप १२४१ च्या मार्चमध्ये वॉर्डिंगबोर्गला गेला, आणि लगेच यांच्यात जुंपली. एरिकने नांगरावर कर बसवला, म्हणून लोकांनी त्याला 'प्लोवपेनिंग', नांगरदिडकी असं नाव ठेवलं. १० ऑगस्ट १२५० च्या रात्री आबेलकडे पाहुणा म्हणून आलेल्या एरिकला श्लाय खाडीत होडीवर नेऊन मारलं. आबेलने शपथेवर कानावर हात ठेवले आणि राजा झाला. 'नावाचा आबेल, करणीचा काइन' ही म्हण तिथून (बायबलात काइन सख्ख्या भावाला, आबेलला मारतो). दोन वर्षांत फ्रिसियात तोही मारला गेला. मग क्रिस्तोफर, १२५९ मध्ये रीबेला तोही अचानक गेला, विषाची कुजबुज झाली. बापामागे अठरा वर्षांत तिघंही गादीवर बसून संपले.

थोरल्याला यांच्यापेक्षा सात-दहा वर्षांची आघाडी होती, मुकुट आधीच डोक्यावर होता आणि आई वेगळी होती. तो वाचला असता असं नाही म्हणत. पण भांडण निदान वेगळं झालं असतं.

---

काना_मात्रा | मंगळवार, सकाळी ६:४०

रात्री झोपताना सुचलं म्हणून उठल्या उठल्या लिहितोय. आकड्याचं काय? तेरा वर्षं अभिषिक्त राजा होता, मग हा वाल्देमार तिसरा का नाही?

---

उत्तरवारा | मंगळवार, सकाळी ८:१५

एकट्याने राज्य केलं नाही म्हणून. काहीजण कंसात (तिसरा) लिहितात, कंसाबाहेर काढत नाहीत. खरा 'तिसरा' पुढे १३२६ मध्ये झाला. श्लेसविगचा बाराएक वर्षांचा पोरगा, होल्स्टाइनच्या गेरहार्डने बसवलेलं बाहुलं. १३२९ मध्ये त्यालाही उतरवलं. ज्याने तीन वर्षं काहीच केलं नाही त्याला आकडा, आणि याला कंस.

---

काना_मात्रा | मंगळवार, सकाळी ८:२१

विरामचिन्हांतही अन्याय. चालू द्या.

---

फियोर्डकाठी | मंगळवार, रात्री ८:४५

उशिरा आलो. मी कालुंडबोर्गला चार वर्षं होतो, फॅक्टरीत. रेफ्सनेस म्हणजे आताचं रोस्नेस, गावाच्या पश्चिमेला समुद्रात घुसलेली चिंचोळी जीभ. टोकाला दीपगृह. (युटलंडातल्या एका रेफ्सनेसकडेही काहीजण बोट दाखवतात, पण आमच्या गावचे लोक ते ऐकून घेत नाहीत.) शनिवारी सायकल काढून जायचो. येताना वारा समोरून, मांड्या भरून यायच्या.

तिथे दंतकथा अशी सांगतात की पोरगा मेल्यावर म्हातारा राजा रानावर चिडला आणि अख्खं जंगल जाळून टाकलं, म्हणून तिथे झाडं नाहीत, नुसती काटेरी झुडपं. झुडपं खरी आहेत. पँट फाटते. उतारावर ऊन छान पडतं, त्यामुळे आता द्राक्षाच्या बागा आहेत आणि वाइन निघते. डेन्मार्कची वाइन! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थट्टा वाटली होती.

एका सहकाऱ्याच्या आजीने ही जंगल जाळल्याची गोष्ट सांगितली होती. मी विचारलं, बाण मारला कुणी? ती म्हणाली, "ते कुणी विचारत नाही." मग तिने कॉफी ओतली.

---

उलटतपासणी | मंगळवार, रात्री ९:३०

बघा, मारणाऱ्याचंही नाव नाही. इथे तर कर्ताच गायब.

---

काना_मात्रा | मंगळवार, रात्री ९:४४

नाही नाही, थांबा. 'त्याला बाण लागला.' शुद्ध कर्तरी. कर्ता बाण.

आणि उत्तरवारा, तुमच्याच लेखातलं एक वाक्य तुमच्या नजरेतून निसटलं. ल्यूओच्या परिच्छेदाची सुरुवात बघा: 'बापलेक शिकारीला गेले.' रेफ्सनेसलाही तेच लिहावं लागेल: 'वाल्देमार शिकारीला गेला.' अकर्मक कर्तरी. बायको जाऊन तीन महिने झालेत, नोव्हेंबर आहे, दुपारी चारला अंधार पडत असेल, आणि तो घोडा काढून शिकारीला गेला. कुणी नेलं नाही, धाडलं नाही. एक वाक्य आहे त्याच्या वाट्याला.

---

उत्तरवारा | मंगळवार, रात्री १०:२०

हे वाचून मी दहा मिनिटं काही टाइप केलं नाही.

शनिवारी रोस्नेसला जातो. कालुंडबोर्गपर्यंत ट्रेन आहे, पुढे बस मिळते का बघतो. काट्यांचा फोटो टाकेन.

---

फियोर्डकाठी | मंगळवार, रात्री १०:२६

शनिवारी बस कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेव. आणि जुनी पँट घाल.